टायर, कोळसा आणि तेल : एका उलट्या प्रवासाचा इतिहास

१/ १९९०च्या दशकात अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठासारख्या काही ठिकाणी एक प्रयोग चालू होता. जुन्या टायरांचा चुरा आणि कोळशाची पूड बंद पात्रात एकत्र घालायची, हायड्रोजनच्या दाबाखाली सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि त्यातून तेल मिळवायचे. हे प्रकरण मला रसायनशास्त्राइतकेच इतिहासाचेही वाटते. का, ते या धाग्यात मांडतो.

२/ आधी रसायन. कोळसा आणि पेट्रोल यांतला मोठा भेद हायड्रोजनचा. दर १० कार्बन अणूंमागे दगडी कोळशात साधारण ८ हायड्रोजन अणू असतात, पेट्रोलमध्ये १८ ते २०. नैसर्गिक रबरात ते १६ असतात. म्हणजे रबर तेलाच्या अधिक जवळचे. तापल्यावर त्याचे तेल होते आणि कोळशाला विरघळायला माध्यम मिळते. टायरमधली काजळी मात्र मागे उरते.

३/ कोळशात दाबाखाली हायड्रोजन घालण्याची मूळ कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेर्गियुस यांची. त्यांनी १९१३ मध्ये पेटंट घेतले. १९२७ मध्ये ‘आय. जी. फार्बेन’ या उद्योगसमूहाच्या लॉयना येथील कारखान्यात असे पेट्रोल निघू लागले. उच्च दाबाच्या रसायनक्रियांसाठी बेर्गियुस आणि कार्ल बॉश यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

४/ याच समूहाने लॉयनाजवळच्या श्कोपाऊ येथे कोळशापासून रबरही बनवले. कोळशापासून कार्बाइड, त्यापासून ॲसिटिलीन, त्यापासून ब्युटाडाइन आणि शेवटी ‘बुना’ रबर. तेव्हा कोळशाचे रबर होत होते. पन्नास वर्षांनी अमेरिकेत रबर पुन्हा कोळशाच्या सोबतीने तेलाकडे निघाले. प्रवास उलटा, पण वाट बेर्गियुस यांचीच.

५/ या वाटेवर एक ठिकाण असे आहे, जे ओलांडून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. १९४१ पासून आय. जी. फार्बेनने ऑश्विट्झजवळ मोनोविट्झ येथे कारखाना उभारायला घेतला. तेथे बुना रबर आणि कृत्रिम इंधन दोन्ही बनवायचे होते. बांधकामाला छळछावणीतले कैदी जुंपले गेले. हजारो माणसे मेली. इटालियन लेखक आणि रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेव्ही तेथलेच एक कैदी. बुना रबर तेथे अखेरपर्यंत बनलेच नाही.

६/ १२ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी लॉयनासह जर्मनीच्या कृत्रिम इंधन कारखान्यांवर मोठा हल्ला केला आणि पुढे हे हल्ले चालूच राहिले. जर्मन विमानदलाचे बहुतांश पेट्रोल याच कारखान्यांतून येई. ते आटले आणि विमाने जमिनीवर खिळली. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे आय. जी. फार्बेनच्या २३ अधिकाऱ्यांवर खटला चालला. १३ दोषी ठरले.

७/ अमेरिकेतल्या प्रयोगांमागचा हेतू अगदी वेगळा होता : टायरांचे ढीग कमी करणे आणि देशातला कोळसा उपयोगात आणणे. मात्र १९९८ मध्ये खनिज तेलाचा भाव पिंपामागे १५ डॉलरच्याही खाली गेला. अशा भावापुढे उच्च दाबाची पात्रे आणि महागडा हायड्रोजन परवडणे कठीण होते.

८/ म्हणून ‘हे तंत्र परवडते का?’ हा प्रश्न मला निव्वळ हिशेबाचा वाटत नाही. नाझी जर्मनीला ते परवडले, कारण तिला परक्या तेलावर विसंबायचे नव्हते आणि मोनोविट्झमध्ये माणसाच्या जिवाला हिशेबात किंमतच नव्हती. रसायन दोन्हीकडे जवळपास तेच होते. तंत्राचा इतिहास वाचताना यंत्राबरोबर खर्चाची वहीही उघडावी आणि तीत कोणता खर्च लिहिलेलाच नाही, ते आधी शोधावे.