आबिड्स, शिकार आणि एक छोटी पिशवी

बिदर-उदगीरकडच्या माणसाला हैदराबाद परके वाटत नाही. १९५६ पर्यंत आपण सारे एकाच राज्यात होतो. त्यातही आबिड्स म्हणजे आपल्या आजोबांपासूनचा ओळखीचा भाग. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे खासगी सेवक अल्बर्ट आबिड यांचे इथे मोठे दुकान होते. दुकान गेले, नाव राहिले. आता रविवारी बंद दुकानांपुढे, फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो.

या परिसराचे बंदुकीशीही जुने नाते आहे. जवळच गनफाउंड्री आहे. फ्रेंच सेनानी रेमाँ याने १७९५ मध्ये उभारलेला हा तोफांचा कारखाना. लोक त्याला ‘तोप का सांचा’ म्हणतात. महबूब अली खान स्वतः वाघाचे नामांकित शिकारी होते. लाला दीनदयाळ यांनी त्यांच्या शिकारीची छायाचित्रे टिपली आहेत.

गेल्या खेपेस या बाजारात शिकारीवरचे एक जुने पुस्तक चाळताना मला भाच्याचा प्रश्न आठवला. तो अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. ‘मामा, डोंगरात दिवसभर चालायचे आहे. रायफलच्या दस्त्याखाली ठेवायला हलकी पिशवी कशी निवडू?’ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. तिकडे परवाना काढून करता येते. मी कॉलेजात एनसीसीच्या मुलांना नेमबाजी शिकवतो, म्हणून त्याने मला विचारले.

नवशिक्याचे सारे लक्ष रायफलच्या पुढच्या टोकाकडे असते. पुढचा भाग पाठीवरच्या सॅकवर टेकवता येतो. डळमळतो तो मागचा दस्ता. पुढच्या टेकूपासून दस्ता अर्धा मीटर मागे धरा. तो एक मिलिमीटर हलला, तर शंभर मीटरवर नेम वीस सेंटिमीटरने सरकतो. दोनशे मीटरवर चाळीस. हरणाचे काळीज त्याहून लहान असते.

मैदानावर आम्ही वाळूची पिशवी वापरतो. ती घट्ट बसते, पण एक लिटर वाळू दीड किलो भरते. डोंगर चढताना ते ओझे कोण वाहणार? म्हणून आत हलके प्लॅस्टिकचे मणी भरलेली पिशवी घ्यावी. मात्र ती ठासून भरलेली नको. डाव्या मुठीत दाबली की दस्ता उचलला जातो आणि नळी खाली झुकते; सैल सोडली की उलटे. अशी बारीक हालचाल साधली पाहिजे. पिशवीच्या तीन बाजूंची जाडी वेगवेगळी असावी, कारण उतारावर खाली नेम धरताना दस्ता उंच लागतो, चढावर कमी. कापड पाणी न पिणारे, न घसरणारे आणि आवाज न करणारे हवे. विकत घेण्याआधी जमिनीवर पालथे पडून आपल्या अंगाला तिची उंची जुळते का, ते पाहावे. कन्नडमध्ये आपण पिशवीला ‘चीला’ म्हणतो. एवढ्याशा चील्यात किती विचार!

भाच्याला मी शेवटी एवढेच लिहिले, की पिशवी ठेवूनही नेम स्थिर होत नसेल तर चाप ओढू नकोस, परत ये. जुन्या छायाचित्रांत शिकाऱ्याच्या पायाशी मेलेला वाघ दिसतो. जखमी होऊन झाडीत निसटलेला, दिवसेंदिवस तडफडलेला वाघ कोणाच्याच छायाचित्रात नसतो.