एम-थ्री आणि गदिमा

एम-थ्री परत राहिला. राजुऱ्याला घरी गेलो, तर बाबा रागावलेच नाहीत, व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) लावून बसले. लेखक ग. दि. माडगूळकर! आम्ही कॉन्व्हेंटवाले, आम्हाला गदिमा म्हणजे फक्त गीतरामायण.

“मॅट्रिकला गणितात नापास झाले होते ते,” बाबा म्हणाले.

मग पोटासाठी कोल्हापूरचे स्टुडिओ, ‘ब्रह्मचारी’त (१९३८) छोटीशी भूमिका, आणि पुढे मराठी चित्रपटांच्या पटकथा, संवाद, गाणी लिहीतच गेले. या सिनेमाची कथा औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. मध्येच कैदी पळतात, तेव्हा माझी मान आपोआप खाली गेली. पण ते परत येतात.

सिनेमा संपला. बाबांनी एवढंच विचारलं, “फॉर्म कधी भरायचाय?”