औंधला आलेला सेवक, औंधहून गेलेला वकील

औंध म्हटले की कुणाला यमाईचा डोंगर आठवतो, कुणाला पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले हे गाव एके काळी संस्थानची राजधानी होते, एवढेही पुष्कळांना ठाऊक असते. पण पोलंड देशाचा एक इंजिनियर मोठी नोकरी मागे टाकून या गावात सेवक म्हणून राहिला आणि याच गावच्या वाड्यातला मुलगा पुढे आफ्रिकेत आपल्या देशाचा वकील म्हणून गेला, ही हकिकत आमच्या घरांत फारशी कुणी सांगत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन कुटुंबे, लेकरेबाळे धरून चौदा माणसे, औंध आणि आटपाडी पाहायला निघालो.

आमच्या सहकाऱ्याचा पुतण्याही बरोबर होता. समाजकार्याची पदवी घेऊन तो आफ्रिका खंडातल्या झांबिया देशात दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून राहून आला आहे. त्याच्या आईचा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. "आपल्या वस्तीतले काम संपले होते, म्हणून परमुलखात गेलास का?" असे तिने गाडीत सगळ्यांदेखत विचारले. प्रश्न रास्त होता, आणि तो एकट्या त्याचा नव्हता. आज आपली मुले शिकून बाहेर पडत आहेत. सेवेसाठी कुठे जावे, कसे राहावे, याचा विचार आपल्याला कधी तरी करावाच लागेल.

रहिमतपूर स्टेशनावर उतरून आम्ही औंधची एस.टी. धरली. गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. पायऱ्या चढताना मध्यावर श्री भवानी संग्रहालय लागते. 1938 साली उभे राहिलेले हे संग्रहालय राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर जमवलेल्या चित्रांचे आणि मूर्तींचे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे इथे आहेत, आणि इंग्लंडचा जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर याचे 'आई आणि मूल' हे शिल्पही. एवढ्या आडगावात एवढी श्रीमंती पाहून मुले थक्क झाली. आमच्या मंडळींपैकी एकीने मात्र विचारले, "हे जमवले तेव्हा आपली माणसे या पायऱ्या चढत होती का?" कलेचे कौतुक करताना हा प्रश्न खिशात ठेवूनच हिंडावे.

संस्थान लहान होते. गावे 72, लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. तीही सलग नव्हती. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ अशा चार तालुक्यांत ती विखुरलेली होती. किर्लोस्करांनी 1910 साली माळरानावर नांगराचा कारखाना काढला, तो कुंडलजवळच्या याच संस्थानच्या जमिनीवर.

आता त्या पोलिश माणसाची गोष्ट. मॉरिस फ्रीडमन यांचा जन्म 1901 साली वॉर्सा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. विजेच्या कामाचे ते इंजिनियर. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या बोलावण्यावरून ते हिंदुस्थानात आले आणि बंगलोरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे काम पाहू लागले. तिथे त्यांची गाठ राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्याशी पडली. अप्पासाहेब विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन आलेले. फ्रीडमन औंधला आले आणि रमले. अंगावर खादी, राहणी संन्याशाची, नाव घेतले भारतानंद. सूत कातायला सोपे पडावे म्हणून त्यांनी धनुष तकली नावाचे साधन तयार केले. इंजिनियरची विद्या त्यांनी गरिबाच्या हाताला मानवेल अशा वस्तूत उतरवली.

पण त्यांचे मोठे काम वेगळेच. राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यावी, हा विचार औंधमध्ये पक्का करण्यात त्यांचा वाटा होता. राजेसाहेबांनी नोव्हेंबर 1938 मध्ये तशी घोषणा केली. घटनेचा मसुदा घेऊन मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे गेली आणि जानेवारी 1939 मध्ये औंधची स्वराज्य घटना अमलात आली. गावची पंचायत, त्यावर तालुक्याची समिती, त्यावर संस्थानची विधानसभा, अशी तिची रचना होती. राजाने स्वतःच्या खर्चालाही मर्यादा घालून घेतली. त्या काळी देशात शेकडो संस्थानिक होते. आपणहून गादीवरून उतरून बसणारे किती निघाले?

दुपारी बाजारपेठेत भाकरी-पिठले खाऊन आम्ही आटपाडीकडे निघालो. आटपाडी आता सांगली जिल्ह्यात आहे. दोन गाड्या बदलाव्या लागल्या. माणदेशाचे माळ, खुरटी बाभळ, मेंढरांचे कळप आणि कोरडे ओढे. या लांबच्या प्रवासात पुतण्याने त्याच्या झांबियातल्या दिवसांची कहाणी सांगितली.

पहाटे उठून हातपंपावर बादली घेऊन रांगेत उभे राहायचे. तिथल्या बायकांनी पहिल्या दिवशी त्याला हसून मागे सारले, कारण पाणी भरणे हे पुरुषाचे काम नव्हे. तो रोज जात राहिला, तेव्हा त्याला जागा मिळाली. दुपारी न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तो उजव्या हाताने दाबून पालेभाजीबरोबर खायचा. भाजीत शेंगदाण्याचा कूट असला की त्याला घरची आठवण व्हायची. शाळेत हिशेब शिकवायचा, संध्याकाळी मुलांबरोबर फुटबॉल. वीज नसली की रात्री आठलाच निजायचे. "पहिले सहा महिने माझा कुणाला उपयोग नव्हता," तो म्हणाला. "तेच मला शिकवत होते. भाषा, नमस्कार कसा करायचा, मोठ्यांसमोर कसे बसायचे."

एक गोष्ट सांगताना त्याचा आवाज बदलला. तिथे जेवायच्या आधी घरातले मूल भांडे घेऊन येते आणि पाहुण्याच्या हातावर वरून पाणी ओतते. पहिल्या दिवशी त्याचे हात आखडले. आपल्या आजोबांच्या ओंजळीत पाणवठ्यावर असेच वरून पाणी ओतले जात होते, ते विटाळ होऊ नये म्हणून. मग त्याने पाहिले की त्याच भांड्यातले पाणी त्याच मुलाने गावच्या मुखियाच्या हातावर ओतले, नंतर घरच्यांच्या. हात धुऊन सगळे एकाच ताटाभोवती बसले. वरून ओतलेले पाणी इथे अपमान होते आणि तिथे मान. गाडीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. त्याची आईसुद्धा.

ज्या हातपंपाचे पाणी तो प्याला, त्याचे मूळ आपल्याकडचेच. 1972 च्या दुष्काळाच्या आसपास मराठवाडा-सोलापूर भागात बोअर पुष्कळ झाल्या, पण बिडाचे पंप महिन्या-दोन महिन्यांत मोडून पडत. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनरी मंडळींच्या कारखान्यांतून पोलादी, दणकट पंप निघाले. सोलापूरच्या पंपावरून पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला आणि तो आफ्रिकेतल्या गावोगावी पोहोचला. झांबियातही तोच. परदेशी सेवक आणि इथला मिस्त्री यांनी मिळून केलेले काम दुसऱ्या खंडातल्या बायांची तहान भागवते, हे ऐकून मुलांनी आटपाडीच्या स्टँडवरचा पंप उगाचच दोनदा हापसून पाहिला.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. फ्रीडमन यांच्या पुढाकाराने 1939 साली इथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी, पण भोवती भिंत नाही, बायकामुले बरोबर, आणि शेती कसायची. व्ही. शांताराम यांच्या 1957 सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा हीच. ती वसाहत आजही तुरुंग खात्याकडे चालू आहे. आम्ही रस्त्यावरूनच पाहिली. शेत, झाडे आणि साधी घरे. ज्याला समाजाने टाकले त्याच्यावर विश्वास ठेवून पाहा, एवढेच त्या परदेशी माणसाने सुचवले.

तरीही औंधच्या घटनेचे कौतुक आम्ही डोळे झाकून करणार नाही. त्या घटनेत मतदानासाठी साक्षरतेची अट होती, आणि गांधीजींचा तिला आग्रह होता. या अटीमुळे लोक लवकर शिकतील, असे समर्थकांचे म्हणणे. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पेन्सिलीपासून दूर ठेवले, त्यांनाच आधी अक्षर दाखवा मग मत घ्या म्हणायचे, हा कुठला न्याय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1929 साली सायमन कमिशनपुढच्या आपल्या अहवालात सर्व प्रौढांना मताचा हक्क मागितला होता आणि साक्षरतेची अट नाकारली होती. औंधच्या घटनेच्या दहा वर्षे आधी. स्वतंत्र भारताच्या घटनेत बाबासाहेबांचाच विचार टिकला.

याच आटपाडीच्या महारवाड्यात 1921 साली शंकरराव खरात जन्मले. वडील गावकीचे तराळकीचे काम करीत. शंकरराव शिकले, वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, 1984 साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'तराळ-अंतराळ' हे त्यांचे आत्मकथन 1981 साली आले. संस्थानची खरी कहाणी संग्रहालयात अर्धीच मिळते. उरलेली अर्धी या पुस्तकात आहे.

फ्रीडमन यांच्यावर आम्ही दोष ठेवत नाही. औंधची घटना झाली त्याच 1939 सालच्या सप्टेंबरात हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या. पुढच्या वर्षी वॉर्साच्या ज्यूंना भिंत घालून एका वस्तीत कोंडले गेले. गावकुसाबाहेरचे जिणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. ज्याच्या जन्मगावी त्याच्याच लोकांवर हा प्रसंग आला, तो माणूस हिंदुस्थानातच राहिला. पुढे त्यांनी तिबेटी निर्वासितांसाठी काम केले, निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे 1973 साली इंग्रजी पुस्तकात आणली आणि मुंबईत देह ठेवला.

आणि अप्पासाहेब? 1948 साली त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला नेमले. पुढे मध्य आफ्रिकेचे कामही त्यांच्याकडे आले. ऱ्होडेशिया आणि न्यासालँड म्हणजे आजचे झांबिया, झिंबाब्वे आणि मलावी. तिथे गोऱ्यांचे राज्य होते. लुसाका शहरात काळ्या गिऱ्हाइकाला खाटकाच्या दुकानात पाय ठेवता येत नसे. भिंतीला एक झरोका असे, त्यातून बाहेर पुडके टाकत. केनेथ कौंडा यांनी या दुकानांवर बहिष्कार घातला आणि स्वतः मांस सोडले. 1964 साली झांबिया स्वतंत्र झाला तेव्हा तेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. अशा मुलखात अप्पासाहेबांनी गोऱ्या साहेबांपेक्षा आफ्रिकन पुढाऱ्यांशी अधिक संबंध ठेवले. ते इंग्रजांना खुपले आणि 1954 साली त्यांना तिथून हलावे लागले. तो झरोका आपल्या वडीलधाऱ्यांनी गावोगावच्या चहाच्या दुकानांत पाहिला आहे. दूर ठेवलेली फुटकी कपबशी हा त्याचाच भाऊ.

2001 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात वर्णद्वेषाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा भारतातले अनेक दलित कार्यकर्ते तिथे गेले. जातीचा प्रश्न तिथे घेऊ नये, असे आपल्या सरकारचे म्हणणे होते. कार्यकर्त्यांनी तो मांडलाच. ज्या देशात 1994 पर्यंत काळ्या माणसाला मत नव्हते, त्या देशात आपले दुःख लगेच ओळखले गेले.

म्हणून त्या माउलीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. मुलाने परमुलखात जावे, पण उद्धारक म्हणून जाऊ नये. पंपावर रांगेत उभे राहावे, त्यांच्या ताटात जेवावे, आणि काम असे करावे की आपण निघालो तरी ते त्यांच्या हाताने चालेल. गावात सगळ्यात शेवटी कुणाला पाणी मिळते, हे पहिल्या आठवड्यात पाहून ठेवावे. राजा असो वा साहेब, परका असो वा आपला, ही कसोटी सगळ्यांना एकच. आणि परत येऊन तोच हिशेब आपल्या वस्तीत मांडावा. हा मुलगा सध्या आठवड्यातून तीन संध्याकाळी वस्तीच्या अभ्यासिकेत मुलांना गणित शिकवतो. न्शिमा कसा करतात, तेही मुली त्याला विचारतात.

वाचकांपैकी कुणी औंधला जाणार असेल तर एक दिवस जास्त काढावा. डोंगर चढावा, चित्रे पाहावीत, पण तिथूनच माघारी फिरू नये. आटपाडीला जावे. तिथला माळ आणि स्वतंत्रपूरची बिनभिंतीची शेते मुलांना दाखवावीत, आणि शंकरराव खरात याच मातीत वाढले हे त्यांना सांगावे. 'तराळ-अंतराळ' बरोबर न्यायला विसरू नये. परतीच्या गाडीत मोठ्याने वाचायला ते चांगले आहे.