मापाची सायकल

माझी उंची ४ फूट ११ इंच. दुकानात गेलं की सगळ्यांत लहान साइझ पुढे करतात. तशीच एक घेऊन चार वर्षं चालवली. सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन आलं की तळहातांना मुंग्या यायच्या, आणि हळू वळताना चवडा पुढच्या चाकाला घासायचा. पौड फाट्याला एकदा त्यापायी भर चौकात आडवी झाले. दोष माझाच, असं धरून चालले होते.

वडील त्यांच्या २४ इंची फ्रेमच्या सायकलला ‘बांधून घेतलेली’ म्हणायचे. रिम एका दुकानातली, हब दुसऱ्या. पुढे ३२ तारा, मागे ४०. पण फ्रेम कारखान्याचीच. म्हणजे निवड वडिलांची, माप कारखान्याचं.

मी मात्र फ्रेमच मापाने बांधून घ्यायचं ठरवलं. फ्रेम बनवणाऱ्या कारागिराने आधी माझी जुनी सायकल न्याहाळली. “ताई, फ्रेम लहान केलीय, पण चाकं मोठ्या माणसाचीच ठेवलीत.” सगळ्या साइझना तीच ७०० ची चाकं, त्यामुळे आडवी नळी आखूड करायला जागाच उरत नाही. मग सीटची नळी ७३ अंशांऐवजी ७५-७६ वर उभी करतात. तक्त्यात आडवी नळी आखूड दिसते. पण आपण फार पुढे येतो, म्हणून सीट मागे सरकवतो, आणि हँडल पुन्हा तेवढंच लांब! चार वर्षं मी नेमकी हीच सीट मागेपुढे करत बसले होते.

मला अनवाणी भिंतीला टेकवून, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायला लावलं आणि त्याच्या वरच्या कडेशी पेन्सिलची खूण केली. मग हात, खांदे, धड. शेवटी वजन. ४८, म्हटलं. त्याने एक नळी हातात दिली: टोकांना ०.९ मिलिमीटर जाड, कारण झाळ तिथे बसते. मध्ये फक्त ०.६. टिचकी मारली तर वाटीसारखी वाजली. “८० किलोवाल्याला ही दिली नसती. कारखान्याला त्याचाही विचार करावा लागतो.”

चाकं लहान, २६ इंची ठरली. सांधे पितळेने झाळून कानशीने घासलेले. एका सांध्यावर कानशीचा ओरखडा रंगाखालूनही दिसतो. तीन महिन्यांचे सात झाले, मी दोनदा भांडले. पैशांचा आकडा घरी अजून सांगितलेला नाही.

परवा गल्लीतल्या पंक्चरवाल्याने ती उचलून पाहिली. “छान आहे, पण विकायला काढलीत तर गिऱ्हाईक कुठून आणणार?”