गाडीचा काळा रंग आणि रंगाऱ्याचा श्वास



काळा म्हणजे काळा, त्यात निवडायचे काय? गेले काही महिने हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारला की एकदा नीट बसून उत्तर लिहावे असे ठरवले. उत्तर थोडे लांब आहे, आणि ते फक्त रंगाचे नाही.

आमच्या बेळगावच्या धर्मग्रामात एक जुनी अ‍ॅम्बेसिडर आहे, मार्क टू, १९६० च्या दशकातली, समोर बारीक चौकटींची जाळी असलेली. शाळेतल्या एका मास्तरांनी ती जन्मभर सांभाळली आणि त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीने ती चर्चला दिली. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, कारण आमच्यातल्या निम्म्यांना त्यांनीच शिकवले आहे. रविवारी वयस्कर मंडळींना मिस्सेला आणणे, आजाऱ्यांच्या घरी फादरांना कम्युनियन घेऊन जाणे, ही तिची नेहमीची कामे. कितीतरी नवऱ्या तिच्यातून चर्चच्या दारात उतरल्या, आणि कितीतरी कुटुंबे तिच्यातच बसून दफनभूमीपर्यंत गेली. काळा रंग दोन्हीकडे शोभायचा.

पण तो रंग आता राहिला नव्हता. टपावर राखाडी डाग, दारांच्या खालच्या कडेला फुगे, डिकीजवळ गंज. फादरांनी आम्हा चौघांना बोलावले आणि गाडी रंगवून घ्यायची जबाबदारी दिली.

उद्यमबागेच्या बाजूला एका शेडमध्ये काम करणारे एक जुने रंगारी मिस्त्री आहेत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि खिशातून लोहचुंबक काढले. जिथे चुंबक पत्र्याला चिकटेना, तिथे खडूने खूण केली. पूर्वी कुणीतरी गंज न कापता वरून लांबी भरली होती, काही ठिकाणी बोटभर जाड. मिस्त्री म्हणाले, ‘‘आधी हे सगळं काढूया, मग रंगाचं बोलूया की.’’ चुना फासलेल्या कबरींविषयी प्रभू येशू काय बोलला ते आपण सगळे जाणतो. आम्हाला तेच आठवले. काळा रंग तर या बाबतीत फारच कडक. पांढऱ्यावर पत्र्याची लाट लपते, काळ्यावर प्रत्येक पोचा, प्रत्येक ओरखडा दिसतो. म्हणून काळ्या गाडीचा अर्धा खर्च रंगाचा नसतो, रंगाखालच्या पत्र्याचा असतो.

जुना रंग खरवडताना मिस्त्रींनी पोरांना कोरडे घासू दिले नाही. जुन्या गाड्यांच्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसे असू शकते आणि त्याची धूळ छातीत जाते. पाणी मारत वॉटर पेपरने घासले की धूळ उडत नाही. हे त्यांनी कुठे वाचले नव्हते, त्यांच्या उस्तादांनी सांगितले होते.

मग आला प्रश्न, कोणता काळा? दुकानात गेलो तेव्हा कळले की काळे पुष्कळ आहेत. काळ्या रंगात बहुधा कार्बन ब्लॅक असते, म्हणजे एक प्रकारची अतिशय बारीक काजळी. कण जितके बारीक, तितका काळा गडद आणि किंचित निळसर दिसतो. कण जाड असले तर तपकिरी झाक येते. काही ठिकाणी मुद्दाम निळ्याचे थेंब घालून काळा आणखी गडद भासवतात. डब्यात सगळे सारखेच दिसतात. फरक दिसतो तो पत्र्यावर मारून उन्हात धरल्यावर.

मूळचा काळा कोणता होता हे शोधायला मिस्त्रींनी डिकीच्या कडेचे रबर उचलले. तिथे ऊन-पाऊस कधी पोचला नव्हता. त्या बोटभर पट्टीवर थोडे कंपाउंड लावून फडक्याने हलकेच चोळले तेव्हा खालून जुना रंग वर आला. त्याला तपकिरी नाही, निळी नाही, अगदी किंचित ऊबदार झाक होती. पत्र्याच्या तीन तुकड्यांवर तीन काळे मारून ते तुकडे आम्ही बाईंकडे नेले. अंगणात आधी सावलीत, मग उन्हात ठेवले. बाईंचे वय शहाऐंशी, पण नजर अजून परीक्षेचे पेपर तपासल्यासारखी. त्यांनी मधल्या तुकड्यावर बोट ठेवले. म्हणाल्या, ‘‘मास्तर दर शनिवारी पुसायचे तो हा. बाजूचा फार निळा आहे, त्याच्यात बसून मयताला जायला नको.’’

रंगाची छटा ठरली, आता रंगाचा प्रकार ठरायचा होता. खरी चर्चा तिथे झाली.

काळ्या मोटारींचा इतिहास मोठा आहे. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात निघत असे, कारण तो काळा स्वस्त आणि टिकाऊ होता. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यु पाँट कंपनीचा ड्युको आला. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग, लवकर वाळणारा, फवाऱ्याने मारता येणारा. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये आजही कुठलाही फवारा मारला तरी ‘ड्युको केला’ म्हणतात, ते नाव तिथून आले. त्यालाच मिस्त्री लोक एनसी म्हणतात. थिनर उडून गेला की तो वाळतो, आणि पुन्हा थिनर लागला की विरघळतो. त्यामुळे उद्या ओरखडा गेला तर तेवढाच भाग जुळवून घेता येतो. पण त्याची चमक लवकर उतरते, पेट्रोल सांडले तर डाग पडतो, पॉलिश वरचेवर करावे लागते.

दुसरा प्रकार पीयू. त्यात हार्डनर मिसळावा लागतो आणि रंग रासायनिक क्रियेने घट्ट होतो. चमक आरशासारखी, पेट्रोलला दाद देत नाही, वर्षानुवर्षे टिकतो. बाईंचा नातू पुण्यात असतो. खर्चाचा मोठा भाग तोच देणार होता आणि त्याला पीयू हवा होता. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. एकदाच खर्च करा, चांगला करा, पुन्हा दहा वर्षे बघायला नको, असे तो फोनवर म्हणाला.

मिस्त्रींना विचारले तर ते म्हणाले, ‘‘तुम्ही सांगा की, मारून देतो. पीयूत आम्हालाही चार पैसे जास्त सुटतात.’’ बोलताना त्यांना खोकला आला. तोंडाला काय बांधता, असे आमच्यातल्या एका भगिनीने विचारले. त्या निवृत्त परिचारिका आहेत. मिस्त्रींनी खिशातला हातरुमाल दाखवला.

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला समजावले. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवारताना त्यांचा बारीक तुषार श्वासात जातो. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ती धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या वासानेही श्वास कोंडतो. वासावरून धोका ओळखावा तर तेही जमत नाही, कारण वास येण्याआधीच इजा होण्याइतके छातीत गेलेले असते. हातरुमालाचा काही उपयोग नाही. खरे संरक्षण म्हणजे बंद बूथ, हवा खेचणारे पंखे आणि बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मास्क. शेडमध्ये यातले काहीच नव्हते.

मग आम्ही तीन वाटा मांडल्या. बूथ असलेल्या मोठ्या गॅरेजमध्ये गाडी द्यावी, तर खर्च जवळपास दुप्पट, आणि महिनाभर पत्रा घासलेल्या माणसाच्या हातून काम काढून घ्यायचे. शेडमध्येच पीयू मारून घ्यावा, तर आमच्या चमकेची किंमत मिस्त्रींच्या फुप्फुसांनी मोजायची, आणि त्यांनी हो म्हटले आहे एवढ्याने आम्ही मोकळे होत नव्हतो. पोटासाठी माणूस हो म्हणतोच. तिसरी वाट एनसीची. त्याचा थिनरही निरुपद्रवी नाही, पण त्यात आयसोसायनेट नाही, आणि थिनरच्या वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क बाजारात मिळतो.

आम्ही एनसी निवडला. मास्क आम्ही विकत आणले, एक मिस्त्रींना, एक त्यांच्या हाताखालच्या मुलाला. एनसीला हात जास्त लागतात, म्हणून जास्तीच्या दिवसांची मजुरी आधीच ठरवून दिली. याकोबाचे पत्र वाचणाऱ्या मंडळीने कामकऱ्याच्या मजुरीची घासाघीस करू नये, असे फादर म्हणाले. नातू फारसा खूश झाला नाही. त्याने पैसे मात्र पाठवले.

तोवर पावसाळा सुरू झाला होता आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. दमट हवेत एनसी मारला की थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा रंगात अडकतो. रंगावर पांढुरकी धुकट साय धरते. पांढऱ्या गाडीवर ती चालून जाईल, काळ्यावर नाही. सावकाश उडणारा थिनर वापरून थोडेफार सावरता येते, पण मिस्त्री म्हणाले, थांबूया. आम्ही थांबलो. जून ते सप्टेंबर गाडी प्रायमर लावून शेडमध्ये उभी राहिली आणि आजाऱ्यांच्या भेटी रिक्षाने झाल्या. काही जण कुरकुरले, ते साहजिक होते.

ऑक्टोबरात ऊन पडले. पातळ पातळ असे सहा हात मारले, प्रत्येकाला वाळायला वेळ दिला. शेडजवळ वेल्डिंग बंद, विडी बंद, कारण एनसी चटकन पेट घेतो. मग पाणी लावून आठशेचा पेपर, मग हजारचा, मग दोन हजारचा, आणि शेवटी कंपाउंड. कडांवर मिस्त्री हात हलका ठेवत, कारण तिथे रंग पातळ असतो आणि घासता घासता खालचा प्रायमर डोकावतो. काम झाले की नाही हे त्यांनी ट्यूबलाइटवरून पाहिले. बॉनेटवर नळीचे प्रतिबिंब सरळ दिसले पाहिजे, वाकडे दिसले तर पुन्हा घास.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल तर एवढे सांगतो. आधी चुंबक फिरवा, मग रंगाचे कार्ड बघा. मूळ छटा रबराखाली, डॅशखाली, डिकीत शोधा. नमुना पत्र्यावर मारूनच निवडा, तोही उन्हात आणि सावलीत. जुना रंग कोणता हे कळत नसेल तर एका कोपऱ्यात थिनरचे फडके चोळा. रंग फडक्याला लागला तर बहुधा एनसी आहे. दमट दिवसांत घाई करू नका. आणि पीयू मारून घेणार असाल तर मारणाऱ्याच्या तोंडावर काय आहे ते आधी बघा. बूथ आणि हवेचा मास्क असेल तर पीयू उत्तमच आहे, आमचे त्याच्याशी भांडण नाही.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, बाई त्या गाडीतून मास्तरांच्या कबरीवर गेल्या. मिस्त्रींचा खोकला अजून आहे. आमच्या भगिनी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या, पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, ही आमची विनंती.

हे प्रभू, आमच्या घरादारांना, गाड्यांना आणि तुझ्या मंदिरांना रंग देणाऱ्या हातांना आशीर्वाद दे. त्यांच्या श्वासाचे रक्षण कर. आम्ही जे देखणे म्हणून मिरवतो त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.