फेज उलटी

आई गेल्यावर अप्पांना मी दिल्लीस घेऊन आलो. रामकृष्णपुरमच्या सरकारी निवासात दोन खोल्या, खिडकीबाहेर एक कडुनिंब आणि भोवताली हिंदी बोलणारा शेजार. सारे आयुष्य कोल्हापूरकडील साखर कारखान्यात वायरमन म्हणून काढलेले अप्पा दिवसभर खुर्चीत बसून असत. मी कचेरीतून परतलो की "आलास?" एवढेच विचारीत. दोन महिने आमचे संभाषण त्या एका शब्दापुढे सरकले नव्हते.

मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर. मी अभियंता व्हावे, ही त्यांची इच्छा. झालो फायलींवर टिपणे लिहिणारा लिपिक. त्या अपराधाचे परिमार्जन म्हणा किंवा रात्री झोप लागेना म्हणून म्हणा, मी एक आंदोलक जुळवावयास घेतला. बाहेरून कोणी हेलकावा न देता हे मंडल स्वतःच विद्युत्‌लहरी निर्माण करते. मला अशा तीन लहरी हव्या होत्या, एकमेकींपासून १२० अंशांच्या अंतराने चालणाऱ्या.

त्यासाठी तीन सारखे वर्धक कड्यासारखे जोडावयाचे. प्रत्येक वर्धक आलेली लहर उलटी करतो, शिवाय तिला ६० अंश रेंगाळवतो. तीन उलटण्यांचे फळ १८० अंश, तीन रेंगाळण्यांचे आणखी १८०. फेरा पुरा होऊन लहर स्वतःलाच येऊन मिळते. मात्र परत येताना ती होती तेवढीच उरली पाहिजे, ही बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी अट. रेंगाळण्यात लहर निम्मी होते, म्हणून प्रत्येक वर्धकाने ती दुप्पट करावयाची.

हे कागदावर. प्रत्यक्षात मी नेमके दुप्पट वर्धन ठेवले, तर दिवे खंगत खंगत विझले. रोधकांचे छापील मूल्य आणि खरे मूल्य यांत थोडे अंतर असतेच. तेवढ्यानेही लहर मरते. मग ५०० किलोओमऐवजी ४७० चा रोधक घातला. वर्धन २.१३ पट झाले, लहर वाढली आणि बॅटरीच्या मर्यादेला टेकून तिचा माथा किंचित चपटा झाला. अमेरिकेत ह्यूलेट यांनी १९३९ साली आपल्या आंदोलकातील हाच दोष एका साध्या बल्बने आवरला होता. लहर वाढली की तंतू तापे, त्याचा रोध वाढे आणि वर्धन आपोआप उतरे. मी चपट्या माथ्यावर समाधान मानले.

एका आवर्तनास सुमारे साडेतीन सेकंद लागतील असे मी योजले होते, डोळ्यांना दिसावे म्हणून. तीन वर्धकांना क्रमाने लाल, पिवळा आणि निळा असे दिवे लावले. ते आळीपाळीने उजळू लागले.

"फेज उलटी लागलीय," मागून अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा, क्रमानेच जोडलेत."

"जोडलेस क्रमाने. फिरतंय उलटं. लाल, निळा, पिवळा. बघ जरा."

खरेच तसे होते. उलटण्याच्या १८० अंशांतून रेंगाळण्याचे ६० वजा केले की पुढचा वर्धक १२० अंश मागे नव्हे, पुढे असतो. मी बेरीज केली, दिशा पाहिलीच नव्हती.

"कुठल्याही दोन तारा बदल," ते म्हणाले. बदलल्या. चष्मा लावून ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि दुरुस्तीनंतर उलटा फिरू लागलेला कारखान्यातील पंप, पाणी का चढत नाही म्हणून हैराण झालेले साहेब, हे सारे हातवारे करून सांगू लागले. कारखान्यात त्रिकला शब्द कोणी ऐकला नव्हता. फेज मात्र तिथे सर्वांना ठाऊक होती. बोलता बोलता अकरा वाजले, दिवे मंदावले.

सकाळी कचेरीस निघताना त्यांनी हाक मारली आणि येताना नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणावयास सांगितल्या.