डोकं वर येतंय

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर साडेतीन वर्षं माझ्या प्रत्येक फसलेल्या फटक्याचं एकच निदान झालं. चेंडू आधी सरळ जातोयसा वाटायचा, मग उजवीकडे झुकत झुकत वर्षावृक्षांत शिरायचा, आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "डोकं वर येतंय." आमच्या चौकडीतले डॉक्टर हेच म्हणायचे, निवृत्त कर्नलसाहेबही हेच. माझी बॅग वाहणारे मामा, ज्यांनी माझे बहुतेक चेंडू झुडपांतून शोधून काढले आहेत, तेही हळूच सांगायचे, "साहेब, डोकं वर आलं जरा." एकदा लोहगावहून सुखोई उठलं, मी दचकलो, क्लब जमिनीत रुतला. तरी दोष डोक्याचाच निघाला.

मी ते मनावर घेतलं. हनुवटी छातीला चिकटवून खेळलो. मान अवघडली, चेंडू मात्र सवयीने उजवीकडेच. दुसरा उपाय माझा स्वतःचा होता. चेंडू उजवीकडे जातोय ना, मग रोख डावीकडे धरू. पण जितका डावीकडे रोख धरावा तितका तो आणखी जोरात उजवीकडे वळायचा. एक कर्ज फेडायला दुसरं काढणाऱ्या माणसाचं जे होतं तेच माझं चाललं होतं.

यात लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की माझी सगळी नोकरी भोसरीत गिअरबॉक्सचा आवाज आणि कंपनं मोजण्यात गेली. आमच्या खात्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगायचो की आवाज जिथून ऐकू येतो तिथे दोष असेलच असं धरू नका. घरघर येते पत्र्याच्या झाकणातून, आणि झिजलेला असतो आतला बेअरिंग. आधी सेन्सर लावा, मग बोला. आणि इथे मी ऐकीव निदानावर साडेतीन वर्षं काढली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सुरुवात घरच्या फोनपासून केली. सेकंदाला 240 चित्रं घेणारा कॅमेरा हल्ली खिशात असतो. तो रेंजवर समोर तिकाटण्यावर लावला, वीस फटके मारले आणि रात्री जेवणाच्या टेबलावर एकेक चित्र सरकवत बसलो. "अहो, स्वतःचाच सिनेमा किती वेळ बघणार?" असं दोनदा विचारून बायको झोपायला गेली. क्लब वरून खाली यायला मला साधारण 0.28 सेकंद लागत होता, म्हणजे सदुसष्ट चित्रं. त्यांत चेंडूला क्लब टेकल्याचं चित्र एकाही फटक्यात सापडेना. एका चित्रात क्लब चेंडूच्या अलीकडे, पुढच्यात पलीकडे. मग हिशेब केला. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात सुमारे अर्धा मिलिसेकंद. दोन चित्रांमधलं अंतर चार मिलिसेकंदांहून जास्त, आणि तेवढ्यात माझा क्लब पंधरा सेंटिमीटर पुढे निघून जातो. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप, तो क्षण या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमधल्या फटीत मावून जातो.

डोकं मात्र स्वच्छ दिसत होतं. फोनच्या काचेवर खडूची पेन्सिल टेकवून टाळूची रेघ आखली आणि वीस फटके तपासले. चेंडू सुटेपर्यंत डोकं दोन सेंटिमीटरच्या वर हललेलं नव्हतं. नंतर वर येत होतं, ते चेंडू कुठे गेला हे बघायला. ते तर सगळ्यांचंच येतं. बघणाऱ्याला झाडात गेलेला चेंडू आणि वर आलेलं डोकं एकदमच दिसतं, आणि त्यातलं एक दुसऱ्याचं कारण होऊन बसतं.

मग मी बाणेरला गेलो. तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर जाळी, पडदा आणि रडार लावलेली खोली आहे. शिकवणारा मुलगा माझ्या मुलीच्या वयाचा, मला काका म्हणणारा. पाठीमागे ठेवलेली नारिंगी रंगाची चपटी पेटी चेंडू आणि क्लब दोघांचा वेग डॉपलर पद्धतीने मोजते. दहा फटक्यांची सरासरी त्याने पडद्यावर लावली. क्लबचा वेग ताशी 84 मैल, चेंडूचा 118. पहिल्याने दुसऱ्याला भागलं की 1.40. चेंडू क्लबच्या बरोबर मधोमध लागला तर ड्रायव्हरला हा आकडा दीडच्या जवळ जातो. म्हणजे मी जोरही कमी लावत होतो आणि लावलेला वायाही घालवत होतो.

खरी बातमी पुढे होती. लक्ष्याच्या रेषेशी तुलना करता माझ्या क्लबचा मार्ग 8 अंश डावीकडे जात होता आणि क्लबचं तोंड 2 अंश डावीकडे होतं. गोल्फमध्ये डोकी दोन, एक खेळणाऱ्याचं आणि एक क्लबचं; दुसऱ्याची कुणी चौकशीच केली नव्हती. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो आणि तोंडाच्या दिशेने वळतो. रडार आल्यावर ते जवळजवळ उलटं निघालं. चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः तोंड ठरवतं, आणि किती वळणार हे तोंड आणि मार्ग यांच्यातली तफावत. माझी तफावत 6 अंशांची. चेंडू किंचित डावीकडे निघायचा आणि त्याला उजवीकडे जाणारी भरपूर फिरकी मिळालेली असायची. मी रोख डावीकडे धरला की मार्ग आणखी डावीकडे जायचा, तफावत वाढायची, फिरकी वाढायची. माझं कर्ज कसं फुगत गेलं ते एका ओळीत समोर होतं.

"पण काका, मार्ग डावीकडे का जातोय ते रडार नाही सांगणार," तो म्हणाला. त्यासाठी अंगावर सेन्सर बांधायचे. कंबर, छाती, डावा दंड, हात आणि क्लब. प्रत्येकात एक जायरोस्कोप, जो त्या भागाचा फिरण्याचा वेग मोजतो. चांगल्या खेळाडूचे आलेख एकावर एक ठेवले की डोंगररांग दिसते. आधी कंबर कमाल वेगाला पोहोचते आणि मंदावते, मग छाती, मग हात, शेवटी क्लब. मागचा थांबतो तेव्हा त्याचा वेग पुढच्याला मिळतो. अॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज या जोडीने 1968 साली 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' या पुस्तकात हात आणि क्लब हे एकमेकांना जोडलेले दोन दांडे मानून फटक्याचा असाच हिशेब मांडला होता. सेन्सरमुळे तो आता माझ्यासारख्या ढेरपोट्याच्या अंगावरही दिसतो.

ढेरीचा उल्लेख उगाच केलेला नाही. पहिल्या फटक्यानंतर माझ्या कमरेच्या आलेखाला दोन शेंडे आले. मुलगा गंभीरपणे सांगू लागला की तुमची कंबर फिरते, अडते आणि पुन्हा फिरते. मी म्हटलं, "थांब. हा आलेख माझ्या ओळखीचा आहे." सेन्सर ढिला बसला की यंत्राबरोबर तो स्वतःचीही कंपनं मोजतो. कारखान्यात आम्ही म्हणूनच तो मेणाने घट्ट चिकटवायचो. इथे पट्टा कमरेवर नव्हताच, पोटाच्या घेरावर होता, आणि दुसरा शेंडा चरबीचा होता. पट्टा खाली, मणक्याच्या पायथ्याशी, जिथे हाड लगेच हाताला लागतं तिथे आवळला आणि एक शेंडा गेला. मुलगा हसला. त्या दिवसापासून तो मला काका म्हणताना जरा जपून म्हणतो.

आता जे उरलं ते खरं होतं. माझी छाती कमरेच्या आधी कमाल वेगाला पोहोचत होती. कंबर उशिरा निघायची, अर्ध्यात अडायची, आणि अडलेल्या कमरेला वळसा घालून खांदे नि हात बाहेरून चेंडूवर यायचे. मार्ग डावीकडे जायचं कारण तेच. पण कंबर का अडावी? त्याने मला टेबलावर बसवलं, पाय लोंबते ठेवायला सांगितले, मांडी न हलवता पोटरी बाहेरच्या बाजूला नेली आणि कोन मोजला. खुब्यात मांडी आतल्या बाजूला किती वळते ते यावरून कळतं. उजवीकडे 32 अंश. डावीकडे 18. साधारणपणे 35 ते 40 धरतात. उजव्या हाताने खेळणारा फटका मारतो तेव्हा त्याची कंबर रोवलेल्या डाव्या मांडीवर फिरते. माझं ते बिजागरच गंजलेलं होतं. कशाने, ते कोण सांगणार. वय एकसष्ट आणि त्यातली तीस वर्षं खुर्चीत.

झाकणाची घरघर आणि आतला बेअरिंग! मी तिथे टेबलावर बसल्या बसल्या हसलो. मुलाला वाटलं गुदगुल्या झाल्या.

उपाय इतका किरकोळ होता की पैसे वाया गेल्यासारखं वाटलं. उभं राहताना डावं पाऊल लक्ष्याच्या बाजूला जास्त उघडायचं, म्हणजे खुब्याला वळायला आधीच जागा मिळते. बेन होगनने 1957 च्या 'फाइव्ह लेसन्स'मध्ये उजवं पाऊल काटकोनात आणि डावं पाव वळसा बाहेर असं सांगून ठेवलेलंच आहे. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे आणि मी ते दोनदा वाचलंय. पण होगनची पावलं मी चित्र म्हणून बघितली होती. माझा खुबा त्यात कुठे दिसला नव्हता. पाऊल उघडल्यावर त्याच दुपारी मार्ग 8 वरून 5 अंशांवर आला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढचे दोन महिने मी आयुष्यातलं सर्वांत वाईट गोल्फ खेळलो. टीवर उभा राहिलो की डोक्यात आलेख. कंबर आधी, छाती मागाहून, मनगट अजून नको. फटक्याच्या खालच्या प्रवासाला 0.28 सेकंद, नुसतं काही दिसून त्यावर हात हलायलाच त्यातला बराचसा वेळ जातो. वाटेत सूचना देणं म्हणजे सुटलेल्या बसच्या मागून थांब्याचं नाव ओरडणं. एका सकाळी दहाव्या टीवर क्लब चेंडूच्या वरून नुसताच फिरला. चेंडू जागच्या जागी. कर्नलसाहेबांनी आकाशाकडे बघितलं. मामा काय म्हणाले ते सांगायला नको.

1999 साली गॅब्रिएल वुल्फ आणि तिच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांवर एक प्रयोग केला होता. काहींना सांगितलं हातांकडे लक्ष द्या, काहींना सांगितलं क्लबच्या झोक्याकडे द्या. दुसरे जास्त चांगले शिकले. हे त्या बाणेरच्या मुलानेच मला सांगितलं आणि विचारलं, "काका, असं काही फिरवून फेकलंय का कधी? क्रिकेट सोडून?"

गोफण. विचार न करता तोंडातून शब्द गेला. बार्शीकडे आमची शेती होती. शाळू हुरड्यात आला की शाळा सुटल्यावर माळ्यावर चढून पाखरं राखायचं काम माझ्याकडे असायचं. गोफणीत खडा घालून डोक्यावर फिरवायची आणि सोडायच्या क्षणी नुसता हात पुढे नेऊन चालत नाही; हाताने फेकलेला खडा चार सऱ्या ओलांडत नाही. आधी पाय आणि कंबर, मग हात, दोर मागे रेंगाळतो आणि शेवटी सटकन येतो. हे मला आजोबांनी शिकवलं नव्हतं, पाखरांनी शिकवलं होतं. खडा जवळ पडला तर ती उठायचीसुद्धा नाहीत.

मी सेन्सर बांधूनच गोफणीसारखा क्लब फिरवला. कंबर पहिल्यांदाच छातीच्या पुढे निघाली, थोडीशी, पण निघाली. साधर्म्य पुरतं नाही, हेही सांगायला हवं. गोफणीचं एक टोक सुटतं आणि खडा निघून जातो, क्लब हातातच राहतो. आणि गोफण फिरते डोक्यावर, क्लब कलत्या पातळीत. गोफणीच्या नादात काही दिवस माझं मनगट एवढं सटकलं की चेंडू डावीकडे, आतापर्यंत ज्यांना माझ्यापासून काही धोका नव्हता अशा झाडांत जाऊ लागला. मग गोफण फक्त मनगटापर्यंतच आठवायची असं ठरवलं.

चार महिन्यांनी पुन्हा मोजलं. क्लबचा वेग 87, चेंडूचा 126, मार्ग 3 अंश डावीकडे, तोंड 1 अंश. चेंडू अजून उजवीकडे झुकतो, पण फेअरवेच्या कडेपर्यंतच. पूर्वी जिथे पडायचा त्याच्या वीसेक यार्ड पुढे. खुब्याचे व्यायाम मी रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभा राहून करतो. 18 चे 24 अंश झालेत. बायकोने ओट्याजवळच्या फरशीवर माझ्या डाव्या पावलाची जागा खडूने आखून ठेवली आहे, म्हणजे तिला चहाच्या पातेल्यापर्यंत पोहोचता येतं.

गेल्या रविवारी फोन समोर लावलेला होता. सोळाव्या टीवरचा माझा फटका जमिनीलगत सरपटत जाऊन तीस यार्डांवर थांबला. मामांनी बॅग उचलली, दोन पावलं चालले आणि न राहवून म्हणाले, "साहेब, या वेळेला डोकं वर आलं."

रात्री टेबलावर बसून तो फटका एकेक चित्र सरकवत बघितला. चेंडूला क्लब टेकण्याच्या तीन चित्रं आधीच टाळू रेघेच्या वर होती, मोजून चार सेंटिमीटर. मी ते चित्र मामांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला.